अनुभव धागा : केन लोचचा सिनेमा आणि आपली माणसं

केन लोचचा सिनेमा बघून उठलेली माणसं सिनेमाबद्दल फार वेळ बोलत नाहीत. पाचव्या मिनिटाला कुणी आत्याच्या पेन्शनवर येतं, कुणी मामाच्या बंद पडलेल्या कारखान्यावर. हे इतक्यांदा पाहिलंय की म्हटलं, एकदा रीतसर धागाच काढू.

नाव नवीन असेल तर थोडक्यात: ब्रिटिश दिग्दर्शक, जन्म १९३६. बेघर होत जाणाऱ्या कुटुंबावरचा त्याचा 'कॅथी कम होम' १९६६ साली बीबीसीवर दाखवला, तेव्हा सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी तो पाहिला होता. कान चित्रपट महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, दोनदा, २००६ आणि २०१६ मध्ये. सरकारने देऊ केलेला ओबीई किताब त्याने नाकारला. 'द ओल्ड ओक' २०२३ मध्ये आला तेव्हा वय ८६.

परीक्षणं नकोत, ती ढिगाने आहेत. कुठला प्रसंग तुमच्या घरात शिरला ते लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

निवृत्त खडू

'केस', १९६९. बार्न्सली या खाणगावातला बिली. घरी विचारणारं कुणी नाही, शाळेत येणारा-जाणारा टपली मारतो, आणि हा पठ्ठ्या ससाण्याच्या जातीचा एक शिकारी पक्षी आणून माणसाळवतो.

हेडमास्तरांच्या खोलीबाहेर शिक्षेची मुलं रांगेत उभी आहेत. त्यात एक चिमुरडं नुसता निरोप घेऊन आलंय. हेडमास्तर भाषण ठोकतात, त्याला तोंड उघडू देत नाहीत, आणि त्यालाही छड्या. बघणारे इथे हमखास हसतात. माझी उभी नोकरी माध्यमिक शाळेत गेली, मला हसू येईना. ते पोर दर वर्षी आमच्याही शाळेत असायचं.

पुढे वाचलं की हेडमास्तरचं काम करणारे गृहस्थ खरेच मुख्याध्यापक होते, मुलं स्थानिक होती, आणि छड्याही खऱ्या बसल्या होत्या. लोचवर तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. सिनेमा कितीही थोर असो.

पण एक शिक्षक बिलीला वर्गासमोर उभं करून पक्ष्याबद्दल बोलायला लावतात तो प्रसंग बी.एड.च्या प्रत्येक वर्गात दाखवायला हवा. ज्याला 'ढ' म्हणून सोडून दिलेलं असतं तो मुलगा बोलतच सुटतो, आणि सगळा वर्ग कान देऊन ऐकतो.

टाइनकाठची

मी न्यूकॅसलमध्ये राहते. 'आय, डॅनियल ब्लेक' इथलाच. तरी घरी बघताना खाली इंग्रजी अक्षरं लावावी लागली, इथली बोली अजून पुरती कानात बसलेली नाही. हसू नका.

सगळ्यांना आठवतो तो फूड बँकेचा, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्राचा प्रसंग. दोन मुलांची आई केटी रांगेत थांबते, सामान घेता घेता भूक असह्य होऊन तिथेच डबा फोडते आणि हाताने बीन्स तोंडात कोंबते. तिथे काम करणाऱ्या बायका खऱ्या स्वयंसेविका आहेत, आणि ती असं करणार हे बहुतेकींना आधी सांगितलेलं नव्हतं. लोचची पद्धतच ती: गोष्टीच्या क्रमाने चित्रीकरण करायचं आणि नटांना पुढची पानं द्यायचीच नाहीत. म्हणून त्या बायकांची धावपळ खरी वाटते.

आमच्या भागातल्या फूड बँकेत मी शनिवारी जाते. तिथे रडणारे थोडे असतात. 'माझ्यापेक्षा जास्त गरज असलेलं कुणी असेल, त्यांना द्या' म्हणणारे जास्त.

रेषा पुसट

वरचाच सिनेमा. डॅनियल एकोणसाठीचा सुतार, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. डॉक्टर म्हणतात काम करू नको, सरकारी तपासणी म्हणते तू धडधाकट आहेस. भत्त्यासाठी अर्ज ऑनलाइनच भरायचा, आणि याने माउस कधी हातात धरलेला नाही. सुरुवातीला तर पडदा काळाच असतो. नुसते आवाज. बाई विचारते, टोपी घालण्याइतका हात वर जातो का? तो सांगतोय की दुखणं हृदयाचं आहे, आणि ती पुढचा प्रश्न वाचतेय.

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. जन्मभर पानं, तंबाखू, दोरा. त्यात बोटांच्या रेषा गेल्या. पेन्शन किती असते ते सांगत नाही, लाज तिला नव्हे, देणाऱ्यांना वाटायला हवी. दर वर्षी हयातीचा दाखला. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. पुसून, तेल लावून, लिंबू चोळून. समोरचा पोरगा चांगला होता बिचारा, सारखं म्हणायचा, "आजी, जरा दाबून ठेवा." आई म्हणाली, "बाळा, मी इथं बसलेली तुला दिसतेय ना?" तो म्हणाला, "मला दिसताय हो, सिस्टिमला नाही दिसत."

शेवटी डोळ्यांवरून झालं, तेही दुसऱ्या केंद्रावर. हा सिनेमा तिला मराठीत सांगत सांगत दाखवला. डॅनियल भिंतीवर रंगाने स्वतःचं नाव लिहितो तिथे ती म्हणाली, "लई उशिरा लिहिलं." मला अजून कळलेलं नाही ते कौतुक होतं की तक्रार.

गाडीवरून

मी पार्सल पोचवतो, पुण्यात. 'सॉरी वी मिस्ड यू' (२०१९) मित्राच्या लॅपटॉपवर बघितला, बायकोबरोबर. तो रिकी व्हॅनसाठी बायकोची गाडी विकतो. ती घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करायला जाते, आता बसने हिंडायचं. त्याला नोकर म्हणत नाहीत, म्हणतात तू स्वतःच मालक. मालक, पण सुट्टी घेतली तर दंड. लघवीला बाटली. हे लेखकाने मनाने रचलेलं नाही, एवढं मी सांगतो.

त्याला गुंड मारतात, तो दवाखान्यात बसलाय आणि डेपोचा साहेब फोनवर फुटलेल्या स्कॅनरचे पैसे सांगतो, हजार पौंड. तेव्हा बायको फोन हिसकावून शिव्या घालते. आमच्या हिने तिथे टाळी वाजवली. मग त्यांची पोरगी गाडीच्या चाव्या लपवते. का, ते सांगत नाही, बघा. आमची पण सातवीत आहे.

फरक एवढाच, त्याला सोसायटीत लिफ्टवर 'डिलिव्हरीवाल्यांनी वापरू नये' अशी पाटी भेटत नाही.

कडू कारलं

सगळे डोळे पुसताहेत म्हणून विरजण घालतो. लोचचे गरीब फार गुणी असतात. साहेब झाडून दुष्ट. शेवटी कुणीतरी भाषण करतं, आणि आपण आधीच पटलेली गोष्ट पुन्हा पटवून घेऊन घरी येतो. शिवाय १९९० मध्ये या क्रांतिकारकाने मॅकडोनाल्ड्सची जाहिरात केली होती, तेही नोंदवून ठेवा.

धागाकर्ती

जाहिरातीचं खरं आहे, तो स्वतःही लपवत नाही. भाषणांबद्दल अर्धी सहमत. पण त्या भत्त्याच्या कचेरीत ॲन नावाची कर्मचारी आहे. डॅनियलला अर्ज भरायला मदत करते म्हणून तिचीच वरिष्ठ तिला झापते. ती दुष्ट नाही, आणि तिच्या हातात काही नाही. तिला विसरून 'झाडून सगळे' म्हणू नका.

लालबागकर

'द ओल्ड ओक' बघा, कारलेशेठ, तिथे गरीब अजिबात गुणी नाहीत. डरहॅमकडचं खाण बंद पडलेलं गाव. सीरियातून निर्वासित येतात आणि पबमध्ये बसलेले जुने लोक त्यांच्या नावाने खडे फोडतात. त्याच पबच्या मागच्या खोलीत १९८४-८५च्या खाणसंपाचे फोटो लागलेत. संपात सगळे एकत्र जेवायचे. पुढे ती खोली पुन्हा उघडते, एवढंच सांगतो.

आमचा संप १८ जानेवारी १९८२चा. आजीची खाणावळ होती, बहुतेक गडी कोकणातले, गिरणीतले. पगार थांबले तरी ताट थांबलं नाही, वहीत उधारी चढत राहिली. त्यातली बरीचशी कधी आलीच नाही, माणसं गावी गेली ती गेलीच. हा भाग आम्ही अभिमानाने सांगतो. दुसरा भाग सांगत नाही: गिरण्या गेल्या त्या मालकांमुळे आणि जमिनीच्या भावामुळे, पण आमच्या चाळीत राग निघाला तो टॅक्सीवाल्यांवर, भाजीवाल्यांवर, बाहेरून आलेल्यांवर. पबमधली ती टेबलाभोवतीची कुजबुज ऐकताना मला आमचा मजला ऐकू आला. माझे वडीलही त्यात होते.

रेषा पुसट

लालबागकर, हे लिहिलंत ते बरं केलंत.

बांधावरचा

'द विंड दॅट शेक्स द बार्ली'. आयर्लंड, १९२०. क्रांतिकारकांचं नवं न्यायालय गरीब बाईच्या बाजूने आणि सावकाराच्या विरोधात निकाल देतं. लगेच चळवळीतलाच एक पुढारी सावकाराला बाहेर नेतो, कारण बंदुकांना पैसा तोच पुरवतो. सख्खे भाऊ एकमेकांसमोर उभे राहतात त्याची सुरुवात मला इथे दिसते. मराठवाड्यात निवडणुकीच्या दिवसांत हा प्रसंग दाखवावा.

नवीन पाखरू

हे सगळं वाचून घाबरले आहे. रविवारी सासूबाईंबरोबर बघता येईल असा एखादा आहे का?

टाइनकाठची

'लुकिंग फॉर एरिक' (२००९). मँचेस्टरचा खचलेला पोस्टमन, आणि त्याला सल्ला द्यायला घरात अवतरणारा साक्षात फुटबॉलपटू एरिक कँटोना, स्वतःच्याच भूमिकेत. शिव्या भरपूर आहेत, पण बोली अशी की सासूबाईंना पत्ता लागणार नाही. खालची अक्षरं मात्र बंद ठेवा.