मुलाला उचलून उचलून कंबर गेली, तुम्ही काय करता?

सिडकोची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा 9 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा नाही, चारही हातपाय ताठ. वजन 24 किलो. परवा अंघोळीनंतर मोरीतून उचलताना कंबरेत अशी उसण भरली की दोन दिवस त्याला शेजारच्या काकूंनी भरवलं. दिवसातून पंधरा वेळा तरी उचलावं लागतं. हे अंबडला शिफ्टमध्ये, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका. बरं! कमरेचा पट्टा कोणता चांगला, सांगा.

पंचवटीकर_बाबा
पट्टा राहू द्या, आधी दिवाणाची उंची मोजा. माझी लेक 14 वर्षांची, 38 किलोची. डायपर बदलायला दिवसातून सहा वेळा ओणवं व्हायचो, शेवटी सुताराकडून पायांना ठोकळे लावून दिवाण माझ्या कंबरेइतका उंच केला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काढघालीचा कठडा, नाहीतर पोर पडायचं. अंघोळीला खाली पाट नको, टेकून बसवायची बाथ चेअर घ्या. आणि अंघोळीआधी तेल चोपडत असाल तर ते बंद. तेलकट अंग साबणात हातातून सुळकन निसटतं, सावरायला जाताना आपण पिळवटतो, तिथेच घात होतो. तेल नंतर, दिवाणावर.

फिजिओ_नाशिकरोड
वरच्या सगळ्याला +१. उचलण्याआधी त्याला सांगत जा. कुकरच्या शिट्टीनेही ही मुलं दचकून ताठ होतात, तुम्ही अचानक हात घातलात तर होणारच. काखेत धरून ओढलं की डोकं मागे जातं, पाय कात्रीसारखे अडकतात आणि 24 चे 40 किलो वाटतात. आधी कुशीवर वळवा, गुडघे हळूच पोटाकडे घ्या, थांबा. सैल पडला की छातीशी घट्ट धरून उचला. वाकायचं गुडघ्यांतून, वळायचं पावलं टाकून. पट्ट्याने ताकद येत नाही, दुखतंय तोवर थोडे दिवस वापरा. पायाला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर मात्र घरी थांबू नका, लगेच दवाखाना.

गोदाकाठ
जिन्याचं कुणी बोललंच नाही! मी स्वतःचा तिसरा मजला भाड्याने देऊन तळमजल्यावर भाड्याने राहते. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. कंबर काय नातेवाइकांची आहे? बाकी निरामय विमा काढलाय का? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आहे, सेरेब्रल पाल्सीला चालतो, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. पावत्या जपून ठेवा.

सिडकोची_आई
दिवाण मोजला, 14 इंच निघाला! रविवारी सुतार येतोय. कुशीवर वळवून बघितलं, तर साहेबांना खेळ वाटला, खुदुखुदु हसत सुटला आणि हसता हसता परत ताठ. दुसऱ्या खेपेला जमलं. एकच अडचण, सासूबाई त्याच्याजवळ झोपतात, त्यांना एवढ्या उंचावर कसं चढता येणार?

पंचवटीकर_बाबा
त्यांना शेजारी वेगळी, बुटकी कॉट द्या. पाटावरून चढवू नका हं, नाहीतर दोघांना उचलायची वेळ येईल.