विषय: दिवाळीच्या सुट्टीत नागपुरात मृत्यू झाला, तर कागदपत्रांचं काय?

नमस्कार मंडळी,

मुलं इथे परदेशात आणि आईवडील नागपुरात, अशी आपल्याकडे बरीच घरं आहेत. धनत्रयोदशी ते भाऊबीज या दिवसांत घरीच मृत्यू झाला, तर लगेच काय करावं लागतं आणि काय थांबू शकतं? बहुतेकांची घरं नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) प्लॉटवर आहेत.

---

ताई,

सुट्टीत खरं अडतं ते डॉक्टरांच्या दाखल्यावर. मृत्यूच्या कारणाचा दाखला रुग्णालयात नमुना ४ मध्ये मिळतो, घरी मृत्यू झाला तर ४-अ मध्ये, आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. लक्ष्मीपूजनाला नेमके तेच गावी गेलेले असू शकतात. म्हणून त्यांचा आणि त्यांच्या जागी पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांचा, असे दोन्ही नंबर शेजाऱ्यांकडे आत्ताच द्या. दाखला नाही म्हणून घाईने मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात नेलं, तर ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं आणि शवविच्छेदनाचा प्रश्न उभा राहतो. उपचारांची फाइल हाताशी असेल, तर डॉक्टरांनाही निर्णय सोपा जातो.

अंबाझरी असो वा मोक्षधाम, घाटावरची पावती जपून ठेवा. तिच्यावर आणि दाखल्यावर नाव आधारप्रमाणेच लिहून घ्या. ‘शामराव’ आणि ‘श्यामराव’ एवढ्या फरकावर पुढे बँक अर्ज परत करते.

मृत्यूच्या नोंदीला २१ दिवस असतात, त्यामुळे भाऊबीजेनंतर गेलं तरी चालतं. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, त्यानंतर परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद मृत्यू जिथे झाला तिथली. माणूस राहणारा वर्ध्याचा असला आणि नागपूरच्या धंतोलीतल्या रुग्णालयात वारला, तरी मृत्यूचा दाखला नागपूर महापालिकेचाच.

एक कळकळीची विनंती. बाबांचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून खर्च भागवू नका. त्यांनी तुम्हाला दिलेलं मुखत्यारपत्रही त्यांच्या मृत्यूबरोबर संपतं. पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा, नंतर जमा झालेली रक्कम वसूल होते.

---

दादांच्या वरच्या मेलला मालमत्तेपुरती जोड देतो.

तेरवीला सगळे जमतात आणि कुणीतरी स्टॅम्प पेपर काढतं. बहिणींनो, त्या दिवशी सही करू नका. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय हक्क सुटत नाही, आणि एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार कठीण. आधी मृत्युपत्र आहे का ते शोधा. नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमजही तिथेच दूर करा: बँक पैसे नॉमिनीला देते, पण वारसांचा हिस्सा कायम राहतो.

नासुप्रचा प्लॉट लीजवर असेल, तर वारसांची नावं नासुप्रकडे वेगळी चढवावी लागतात. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) फेरफार, म्हणजे नावाचा बदल, झाला म्हणून लीजवर आपोआप होत नाही, आणि महापालिकेच्या कराच्या पावतीवर नाव आलं म्हणून मालकी येत नाही. गावाकडे शेती असेल, तर तलाठ्याकडे ३ महिन्यांत वारसाची माहिती द्यायची.

परत येण्याआधी सगळी कामं होणार नाहीतच. इथून मुखत्यारपत्र पाठवायचं, तर भारतीय दूतावासात सही करा. ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे राहून गेलं की ऐन वेळी दुय्यम निबंधकाकडे काम अडतं, म्हणून पाकिटावरची पोचल्याची तारीख सांभाळून ठेवा.