मदत हवी आहे : आजीचा पलंग आणि फणेरपेटी

नमस्कार मंडळी,

सोलापुरात साखर पेठेतलं आमचं जुनं घर दिवाळीनंतर उतरवायचं आहे. माळ्यावरून आजीचा शिसवी पलंग निघाला, मच्छरदाणीच्या चारही दांड्यांसकट. सोबत पितळी समई, पानाचा डबा, तस्त आणि फणेरपेटी. पेटीत आरसा शाबूत आहे, करंडा आहे आणि मेणाची डबीसुद्धा. आधी बोटाने मेण लावायचं, मग त्यावर कुंकू. आजीला रोज तसं करताना मी पाहिलंय. म्हणून भंगारवाल्याला काहीही द्यायचं नाही, हे पक्कं.

पुण्यात दिनकर केळकरांनी घराघरांतून अशाच वस्तू जमवून राजा केळकर संग्रहालय उभं केलं. पण या वस्तू सोलापुरातच राहाव्यात असं फार वाटतं. इथे डॉ. कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलंय. तसं घरगुती वस्तू स्वीकारणारं ठिकाण आपल्याकडे कुणाला माहीत आहे का? देताना लेखी काय घ्यावं?

आणखी एक. पलंगाच्या पायातून बारीक भुसा पडतोय, म्हणजे कीड जिवंत आहे. पॉलिशला धक्का न लावता औषध कोणतं? पितळेला अजून चिंच लावलेली नाही, आंबटाने जुनी झाक जाते म्हणून. जाणकार सुतार माहीत असेल तर कृपया कळवा.