शब्दचर्चा: सृष्टीची ‘निर्मिती’ की ‘उत्पत्ती’?

फोंड्याहून प्रश्न: आमच्या वाचनालयात परिसंवाद ठेवलाय. विषय: ‘सृष्टीच्या निर्मितीची अलौकिक कारणे विज्ञानाने विचारात घ्यावीत का?’ सुपरनॅचरलला ‘अलौकिक’ चालेल ना? कोणी ‘अतींद्रिय’ सुचवतात, कोणी ‘दैवी’.

उत्तर: ‘अलौकिक’ नको. मराठीत तो गौरवाचा शब्द झालाय. मोगूबाई कुर्डीकरांचं गाणं अलौकिक म्हणताना निसर्गनियम मोडला असं कोणी सुचवत नाही. ‘अतींद्रिय’ही फसवा; क्ष-किरण इंद्रियांना कळत नाहीत, तरी ते निसर्गातलेच. ‘दैवी’त भुतंखेतं बसत नाहीत. ‘निसर्गातीत’ घ्या.

माझा खरा आक्षेप ‘निर्मिती’वर आहे. निर्मिती म्हटली की निर्माता आलाच, म्हणजे वाद सुरू होण्याआधीच निकाल लागला. ‘उत्पत्ती’ ही घाई करत नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर ‘अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन’ म्हणतं: देवही या सृष्टीच्या नंतरचे, मग ही कुठून झाली हे कोण जाणतो? इतक्या जुन्या काळी प्रश्न असा मोकळा ठेवला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

डिचोलीहून: पण कारण खरंच निसर्गातीत असेल तर? विज्ञानानं दार आधीच लावून घेतलंय असं नाही का होत?

उत्तर: शंका रास्त आहे. पण दार लावलेलं नाही. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेनं हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना गुण येतो का, हे अमेरिकेत १,८०२ रुग्णांवर तपासलं गेलं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. फायदा दिसला नाही. जगात काही फरक पडतो असा दावा असला, की तो तपासता येतो.

आता तुमच्याच तालुक्यातल्या खाणींचा पट्टेदार दगड हातात घ्या. एक पट्टा लोहाचा, एक गारेचा. अडीच अब्ज वर्षांहून जुना. समुद्रात विरघळलेलं लोह सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या प्राणवायूशी संयोग पावून तळाशी बसलं, असा त्याचा मुख्य उलगडा. त्याहून कितीतरी जुन्या खडकांत मुबलक प्राणवायूच्या खुणा सापडल्या, तर हा उलगडा मोडेल. ‘देवानं पट्टे आखले’ हे मात्र कसलाही दगड निघाला तरी टिकतं. म्हणून ते खोटं पाडता येत नाही, आणि पुढं कुठं खणायचं तेही त्यातून कळत नाही. विज्ञान ते बाजूला ठेवतं ते याच कारणासाठी, देवाशी वैर म्हणून नव्हे. परशुरामाच्या बाणाची कथा मी मुलांना सांगते, सांगत राहीन. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हेही त्यांनाच सांगते.

सत्तरीहून: ‘अतिनैसर्गिक’ का नको?

उत्तर: संस्कृतात ‘अति’ म्हणजे पलीकडचाही, पण आज मराठी कान ‘अतिसुंदर’सारखा ‘फारच नैसर्गिक’ असा अर्थ घेतो. फोंडेकरांनी फलकावर असं लिहावं: ‘विश्वोत्पत्तीची निसर्गातीत कारणे विज्ञानाने विचारात घ्यावीत का?’