सोलापूरच्या पूर्व भागात ७०-८० साली घरं कशी चालायची?

आमची आजी साखर पेठेत राहायची. एकाच खोलीत माग पण आणि संसार पण असं आई सांगते. आता तिथं तीन मजली बांधकाम झालंय आणि विचारायला जुनं माणूस उरलं नाही. पैसा कुठून यायचा, पाण्याचं काय, कुणी जवळून बघितलं असेल तर सांगा प्लीज.

पूर्वभागकर:
लोक म्हणतात सोलापूर कापड गिरण्यांवर चाललं, पण आमच्या गल्लीत चूल पेटायची ती बायकांच्या बिडीवर, हे कुणी लिहीतच नाही. बापाचा पगार मागावर, सूत महाग झालं की माग बंद, लाईट गेली की बंद. बिडी मात्र रोज. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसलं की जेवणापुरतं उठायचं. आईच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलेला. हजार बिड्या वळून कारखान्यात नेल्या की तिथं छाट काढायचे, पान फाटलं, दोरा सैल झाला, बिडी बाजूला, तिचे पैसे नाहीत, आणि तंबाखू कमी भरला तरी बोलणी. आम्ही पोरं शाळेतून आलो की टोकं मिटायला बसायचो. घरभर तंबाखूचा वास आणि आई रात्रभर खोकायची, त्याचा मला अजून राग येतो.

देगावनाका:
बिडीचं बरोबर आहे, पण गिरण्यांना एवढं खाली टाकू नका ओ. १८७७ ला 'जुनी गिरणी' म्हणतात ती निघाली त्याच्या आधी मोठा दुष्काळ पडलेला, लोक पोटासाठीच शहरात आलेले. आमच्या चाळीत भोंग्यावरच दिवस चालायचा, घड्याळ कुणाकडं होतं. वडील पाळीवर जाताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी फडक्यात बांधून न्यायचे. पाण्याचं तर विचारूच नका, नळावर घागरी रांगेला लावायच्या, पाणी कधी मध्यरात्री आलं की सगळी गल्ली जागी.

पूर्वभागकर:
गिरणीला कमी नाही म्हणत अण्णा, गिरण्या बंद पडल्यावर घर कुणी ओढलं तेवढंच सांगायलोय.

प्रश्न विचारणारी:
आजीच्या हातावर पण तसाच घट्टा होता, मला वाटायचं विळीमुळं असेल. अजून बिडी वळणाऱ्या कुणाशी बोलता येईल का?

पूर्वभागकर:
सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई वसाहतीत जा. बिडी कामगार बायकांनी भांडून मिळवलेली दहा हजार घरं आहेत ती, २००६ ला ताबा मिळाला. दुपारी जा, दारात बसून वळत असतात. तेलुगू येत असेल तर लै बोलतील.