मदत हवी आहे: 50 लिटरच्या कॉम्प्रेसरवर अर्ध्या इंची एअर गन हब नट काढेल का?

मंडळी, घरच्या कारचे व्हील नट, सस्पेन्शनचे बोल्ट आणि क्वचित अ‍ॅक्सलचा हब नट (चाकाच्या मधोमधचा मोठा नट), एवढ्यासाठीच एअर इम्पॅक्ट रेंच (हवेच्या दाबावर ठोके देत नट फिरवणारी गन) घ्यायचा आहे. कॉम्प्रेसर 2 एचपी, सिंगल फेज.

व्हील नट 100 न्यूटन मीटर (पिळाचा जोर, टॉर्क) च्या आसपास कसलेले असतात, ते कुठलीही बरी गन काढेल. अडतो तो गंजलेला हब नट. खोक्यावर 800 न्यूटन मीटर छापलेलं असतं, पण ट्रिगर दाबलेला असताना गनच्या तोंडाशी 90 पीएसआय (साधारण 6 बार) दाब टिकला तरच. सध्याचा निळा 8 मिमी पीयू पाइप आतून जेमतेम 5 मिमी. गेजवर 110 दिसतं आणि ट्रिगर दाबताच हवा मरते. त्यामुळे आतून 10 मिमीचा रबरी होज आणि मोठ्या भोकाचा कपलर (होज जोडायचा जोड) आधी येणार.

खरी शंका टाकीची. 8 बारवरून 6 वर येईपर्यंत तिच्यातून 100 लिटरच हवा मिळते. ट्विन हॅमर (आत दोन हातोड्या असलेली) गन तेवढ्यात हब नट हलवते का, की टाकी पुन्हा भरायची वाट बघत बसावं लागतं? अशी जोडी वापरणाऱ्यांनी सेकंदांत सांगा.

सॉकेट काळे, क्रोम-मॉलीचेच (चिवट मिश्र पोलाद) घेणार. चकचकीत सॉकेट गनवर तडकतात. 24 मिमीच्या पुढे डीप (लांब) सॉकेट घ्यावेत का?