मदत हवी आहे: मॅपस्ट्रक्टचा जनरेटेड कोड जाकोकोच्या कव्हरेजमधून कसा वगळायचा?

जावा १७, मेवन, मॅपस्ट्रक्ट १.५.५ (एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्यात डेटा नेणारा कोड आपोआप लिहिणारी लायब्ररी) आणि जाकोको (टेस्टमध्ये किती कोड चालला, म्हणजे कव्हरेज, मोजणारं टूल). मॅपस्ट्रक्टने बनवलेल्या इम्प्ल क्लासवर (मॅपर इंटरफेसची अंमलबजावणी) @जनरेटेड हे अ‍ॅनोटेशन असतं, पण त्याचं रिटेन्शन (ते कुठवर टिकतं) फक्त सोर्सपुरतं. कंपाइल झालं की क्लास फाइलमध्ये त्याचा मागमूस राहत नाही. जाकोको बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचतो आणि तिथे @जनरेटेड दिसलं तरच क्लास आपोआप वगळतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये प्रत्येक नल-चेकसमोर पिवळा हिरा (फांदी अर्धवटच तपासली गेल्याची खूण) दिसतो.

लॉम्बॉकने (गेटर-सेटरसारखा कोड बनवणारी लायब्ररी) बनवलेल्या कोडचं हेच कॉन्फिगमधल्या एका ओळीने सुटलं. इथे *मॅपरइम्प्ल असं एक्सक्लूड टाकलं तर चालतं, पण आमचे हाताने लिहिलेले काही क्लासही त्याच नावाने संपतात आणि नेमकं त्यांचंच कव्हरेज मला हवंय. इंटरफेसवर स्वतःचं अ‍ॅनोटेशन लावून पाहिलं, ते इम्प्लवर उतरत नाही. नावं बदलणं किंवा १.६ वर जाणं सध्या शक्य नाही.

१.५ वरच राहून बनलेल्या क्लासवर क्लास किंवा रनटाइम रिटेन्शनचं @जनरेटेड कसं आणता येईल?